ए.एफ.एस. तल्यारखान

अर्देशीर फुर्दोरजी सोराबजी तल्यारखान (१८९७ – १९९०) हे भारतातील नभोवाणीवरील क्रिकेट समालोचनाचे आद्य प्रवर्तक आणि इंग्रजी क्रीडास्तंभलेखक होते. ‘बॉबी तल्यारखान’ या नावाने ते सर्वत्र ओळखले जात. वृत्तपत्रांत त्यांचा उल्लेख अनेकदा ‘एएफएसटी’ या चार आद्याक्षरांनीच होई. १९३४ साली मुंबईतील चौरंगी सामन्यांपासून त्यांच्या समालोचनाला सुरुवात झाली. पुढील सुमारे दीड दशक संपूर्ण दिवसाच्या खेळाचे धावते वर्णन ते एकट्याने करीत आणि मायक्रोफोन दुसऱ्या कोणाबरोबरही वाटून घेण्यास तयार नसत. याच आग्रहातून त्यांची समालोचनाची नियमित कारकीर्द संपुष्टात आली. राजकारणी व सिक्कीमचे माजी राज्यपाल होमी तल्यारखान ही वेगळी व्यक्ती होय. आडनावाच्या साम्यामुळे दोघांच्या नावांची गल्लत होते.

पार्श्वभूमी

तल्यारखान यांचा जन्म पारशी कुटुंबात झाला. भारतीयांपैकी क्रिकेट प्रथम आत्मसात केले ते मुंबईच्या पारशी समाजाने. १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लबची स्थापना झाली, १८८६ आणि १८८८ मध्ये पारशी संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले आणि १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असे ‘प्रेसिडेन्सी’ सामने सुरू झाले. हे सामने मुंबईबरोबरच पुण्यातही खेळले जात. पावसाळ्याच्या अखेरीस गव्हर्नरसाहेबांचा मुक्काम पुण्यात असे आणि त्या सुमारास तेथील जिमखान्याच्या मैदानावर होणारा सामना हा एक सामाजिक समारंभच असे. १९०७ मध्ये हिंदू संघाच्या प्रवेशाने हे सामने तिरंगी झाले, १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्याने चौरंगी झाले. तल्यारखान यांचे बालपण व तारुण्य याच वर्षांत गेले. वयाच्या तिशीत असताना त्यांनी ज्या खेळाचे वर्णन करण्यास आरंभ केला, तो त्यांच्या समाजाने जवळजवळ तीन पिढ्या जोपासलेला होता.

नभोवाणी मात्र अगदी नवी होती. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. ही खासगी कंपनी अवघ्या तीन वर्षांत बुडाली आणि १९३० मध्ये सरकारने प्रसारण आपल्या हाती घेतले. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव ८ जून १९३६ पासूनचे. म्हणजे तल्यारखान यांनी पहिले समालोचन केले तेव्हा त्या संस्थेचे नामकरणही झालेले नव्हते.

परदेशांतही हे शास्त्र बाल्यावस्थेतच होते. कॅनडात फॉस्टर ह्यूइट यांनी १९२३ मध्ये टोरांटो येथून आइस हॉकीच्या सामन्याचे वर्णन नभोवाणीवरून केले आणि पुढे कित्येक दशके त्या खेळाचा आवाज म्हणून ते ओळखले गेले. ऑस्ट्रेलियात १९२२ मध्ये सिडनी येथील एका क्रिकेट सामन्याचे प्रक्षेपण झाले होते. इंग्लंडमध्ये बीबीसीने १९२७ मध्ये एसेक्स विरुद्ध न्यूझीलंड या सामन्याचे वर्णन करण्यासाठी एफ. एच. गिलिंगहॅम यांना बसवले. तथापि क्रिकेटची संथ गती नभोवाणीला मानवणार नाही, असे मत तेथे बरीच वर्षे प्रचलित होते. आइस हॉकीत चकती क्षणभरही थांबत नाही, त्यामुळे समालोचकाला केवळ तिच्या मागे धावावे लागते. क्रिकेटमध्ये याच्या उलट असते. चेंडू खेळला जातो तो दोन-तीन सेकंद. उरलेला वेळ गोलंदाज आपल्या खुणेकडे परत चालत असतो. हा रिकामा वेळ कशाने भरायचा, हा क्रिकेट समालोचनाचा मूळ प्रश्न होय.

समालोचनास प्रारंभ

सविनय कायदेभंगाच्या चळवळीमुळे १९३० ते १९३३ या काळात चौरंगी सामने बंद होते. १९३४ मध्ये ते पुन्हा सुरू झाले आणि त्याच वर्षी मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावरील पारशी विरुद्ध मुस्लिम या सामन्याचे समालोचन तल्यारखान यांनी नभोवाणीवरून केले. आदल्याच वर्षी, डिसेंबर १९३३ मध्ये, बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर भारतातील पहिला कसोटी सामना झाला होता आणि लाला अमरनाथ यांच्या ११८ धावांनी शहर वेडे झाले होते. तंबूंत व झाडांखाली उभे राहूनही सामना पाहता न आलेल्यांची संख्या मोठी होती. अशा प्रेक्षकांपर्यंत खेळ नेण्याचे साधन आता उपलब्ध झाले.

रेडिओसंच त्या काळी सामान्य घरांना परवडणारा नव्हता. त्यामुळे श्रोता बहुधा एकटा नसे. ज्याच्याकडे संच असेल त्याच्या दिवाणखान्यात, दुकानाच्या फळीसमोर किंवा हॉटेलात घोळक्याने ऐकणे हीच रीत होती. इंग्रजी न समजणारे श्रोतेही या घोळक्यांत असत. त्यांना गडी बाद झाल्याचे आवाजाच्या चढावरून आणि पाठीमागच्या गर्दीच्या गोंगाटावरून कळे. समालोचकाच्या शब्दांइतकेच त्याच्या स्वराला महत्त्व असण्याचे हे एक कारण होते, आणि तल्यारखान यांची खरी संपत्ती त्यांचा स्वरच होता. तो खर्जातला, भरदार आणि काहीसा घोगरा होता.

एकहाती समालोचन

तल्यारखान यांच्या नावाशी कायमची जोडली गेलेली गोष्ट म्हणजे दिवसभराचे एकहाती समालोचन. सकाळी खेळ सुरू झाल्यापासून संध्याकाळी यष्ट्या उपटल्या जाईपर्यंत ते एकटेच बोलत. विश्रांती मिळे ती फक्त उपाहाराच्या व चहापानाच्या सुट्टीत. साडेपाच तासांच्या खेळात शंभर षटके पडली असे धरले, तरी ६०० चेंडूंचे वर्णन एका माणसाने करायचे, आणि तेही दुसऱ्या दिवशी व तिसऱ्या दिवशी तसेच पुढे चालू ठेवायचे. आजच्या समालोचकाची पाळी साधारण वीस मिनिटांची ते अर्ध्या तासाची असते आणि त्याच्या शेजारी एक माजी खेळाडू तज्ज्ञ म्हणून बसलेला असतो. समोरच्या पडद्यावर हुकलेला क्षण पुन्हा पाहता येतो. तल्यारखान यांच्याजवळ यांपैकी काहीही नव्हते. सीमारेषेजवळच्या झेलाकडे त्यांचे लक्ष नसेल, तर तो झेल श्रोत्यांच्या दृष्टीने घडलाच नाही.

केवळ दमदार फुप्फुसांवर असे समालोचन निभावले नसते. तल्यारखान मुळात कथेकरी होते. गोलंदाज खुणेकडे परतत असताना ते क्षेत्ररचना सांगत, मग एखाद्या जुन्या सामन्याची आठवण काढत, मध्येच प्रेक्षकांतील एखाद्या परिचिताचा उल्लेख करीत आणि चेंडू सुटण्याच्या क्षणी अचूक खेळपट्टीवर परत येत. कंटाळवाण्या खेळाचे वर्णनही यामुळे ऐकण्याजोगे होई. याची दुसरी बाजूही होती. जे पाहिले ते सांगण्याबरोबरच त्याविषयी काय वाटते हेही ते सांगत. कर्णधाराने गोलंदाज बदलण्यास उशीर केला, निवड समितीने भलत्याच खेळाडूला घेतले, संयोजकांनी प्रेक्षकांची गैरसोय केली, अशी मते चालू समालोचनातच येत. समालोचकाने वर्णनापुरते बोलावे असे मानणाऱ्यांना ही शैली रुचत नसे. मात्र दुसरा आवाजच नसल्याने श्रोत्यापुढे पडताळ्याचे साधन नव्हते. घरी बसलेल्या माणसासाठी सामना म्हणजे तल्यारखान सांगतील ते. एकहाती समालोचनाचे सामर्थ्य यात होते आणि त्यावरील सर्वांत सबळ आक्षेपही हाच होता. क्रिकेटखेरीज फुटबॉल व हॉकीच्या सामन्यांचे समालोचनही त्यांनी केले. परंतु त्यांची कीर्ती क्रिकेटमुळेच झाली.

पंचरंगी सामन्यांची वर्षे

७ डिसेंबर १९३७ रोजी चर्चगेटजवळ ब्रेबॉर्न स्टेडियमचे उद्घाटन झाले आणि मुंबईचे मोठे क्रिकेट तेथे गेले. त्याच वर्षी ‘इतर’ या नावाचा पाचवा संघ घेण्यात आला व चौरंगी सामने पंचरंगी झाले. नव्या मैदानावरील आसनांच्या वाटपावरून क्रिकेट क्लब ऑफ इंडियाशी वाद झाल्याने हिंदू संघाने पहिल्याच वर्षी अंग काढून घेतले. पुढील वर्षापासून मात्र ही स्पर्धा देशातील सर्वांत मोठा क्रीडोत्सव बनली. लोकप्रियतेत रणजी करंडक तिच्या जवळपासही नव्हता. या स्पर्धेचा आवाज म्हणजे तल्यारखान, असे समीकरण या वर्षांत पक्के झाले.

स्पर्धेतील खेळही तोलामोलाचा होता. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांवर डाव घोषित केला. त्यात विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धावा होत्या. ‘इतर’ संघ पहिल्या डावात १३३ धावांत गुंडाळला गेला. दुसऱ्या डावात सांगलीच्या विजय हजारे यांनी संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्याने काढल्या. त्यांचे बंधू विवेक हजारे यांनी दुसऱ्या टोकाला केवळ २१ धावा करून ३०० धावांच्या भागीदारीत साथ दिली. सामना हिंदू संघाने एक डाव आणि ६१ धावांनी जिंकला, परंतु लोकांच्या लक्षात राहिला तो पराभूत संघाचा फलंदाज. १९४४ चा अंतिम सामना मुस्लिम संघाने अवघा एक गडी राखून जिंकला, के. सी. इब्राहिम अखेरपर्यंत नाबाद राहिले. धावफलकावरील आकड्यांतून अशा शेवटाचा ताण कळत नाही. तो पोहोचवण्याचे काम समालोचकाचे होते.

धर्मानुसार संघ पाडून खेळण्याच्या या पद्धतीला विरोध वाढत होता. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याच्या प्रतिनिधींनी वर्ध्याला जाऊन महात्मा गांधींची भेट घेतली, तेव्हा गांधीजींनी अशा सामन्यांविषयी स्पष्ट नापसंती व्यक्त केली आणि मुंबईच्या क्रीडाप्रेमींनी खेळातून जातीय भेद काढून टाकावेत असे सुचवले. १९४२ मध्ये ‘चले जाव’ चळवळीच्या काळात स्पर्धा झाली नाही. १९४५-४६ च्या हंगामानंतर ती कायमची बंद पडली. एक गोष्ट येथे नोंदवण्यासारखी आहे. मैदानावर जिमखान्यांच्या तंबूंनुसार समाज वेगवेगळे बसत असले, तरी रेडिओभोवतीच्या घोळक्यात अशी विभागणी करता येत नव्हती. हिंदू आणि मुस्लिम संघांतील सामना एका पारशी माणसाच्या इंग्रजीतून सगळे एकत्रच ऐकत.

समालोचक-मंडळ आणि तल्यारखान यांची निवृत्ती

स्वातंत्र्यानंतर क्रिकेटचे भवितव्यच काही काळ अनिश्चित वाटत होते. हा इंग्रजांचा खेळ असून त्यांच्याबरोबर तोही जाईल, असे भाकीत काँग्रेसचे नेते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी १९४६ मध्ये केले होते. हेच केसकर १९५२ पासून दहा वर्षे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते, आणि त्याच दहा वर्षांत नभोवाणीवरील क्रिकेटचा श्रोतृवर्ग वाढतच गेला.

१९४८-४९ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ प्रथमच भारताच्या दौऱ्यावर आला. स्वतंत्र भारतात खेळली गेलेली ही पहिली कसोटी मालिका होती आणि सामने दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास असे देशभर विखुरलेले होते. ऑल इंडिया रेडिओने या वेळी एकाऐवजी तीन समालोचकांनी आळीपाळीने वर्णन करावे असे ठरवले. बीबीसीमध्ये ही पद्धत रूढ होत होती. संस्थेच्या दृष्टीने हा निर्णय तर्कसंगत होता: आवाज थकत नाही, एकाची चूक दुसरा सुधारतो, आणि राष्ट्रीय प्रसारण एका व्यक्तीच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. तल्यारखान यांना हे मान्य नव्हते. सामन्याची गोष्ट एकाच निवेदकाने सांगितली तरच ती गोष्ट राहते, अशी त्यांची धारणा होती. मायक्रोफोन वाटून घेण्यापेक्षा तो सोडणे त्यांनी पसंत केले. नियमित समालोचक म्हणून त्यांची कारकीर्द येथे संपली. त्या वेळी त्यांनी पन्नाशी नुकतीच ओलांडली होती.

या मालिकेचा शेवट विलक्षण झाला. फेब्रुवारी १९४९ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवरील पाचव्या कसोटीत भारताला विजयासाठी ३६१ धावा हव्या होत्या. विजय हजारे यांनी १२२ आणि रुसी मोदी यांनी ८६ धावा केल्या. भारत ८ बाद ३५५ वर असताना, दत्तू फडकर खेळत असताना, पंचांनी षटकातील एक चेंडू शिल्लक असताना आणि घड्याळात दीड मिनिट बाकी असताना खेळ संपवला. सहा धावांनी हुकलेला हा विजय भारताचा कसोटीतील पहिला विजय ठरला असता. ज्या मैदानाचे वर्णन तल्यारखान यांनी दहा वर्षे केले, त्या मैदानावरची ही अखेरची षटके देशाने इतरांच्या आवाजात ऐकली.

त्यांच्यानंतर बेरी सर्वाधिकारी, पिअर्सन सुरिटा, देवराज पुरी, विजयनगरमचे महाराजकुमार, डिकी रत्नागर अशा समालोचकांची पिढी पुढे आली. माजी कर्णधार विजय मर्चंट यांनीही समालोचन केले आणि विविध भारतीवरील त्यांचा रविवारचा क्रिकेटविषयक कार्यक्रम लोकप्रिय झाला. यांपैकी कोणीही दिवसभर एकटे बोलले नाही. ती पद्धत तल्यारखान यांच्याबरोबर गेली आणि परत आली नाही. इंग्लंडमध्येही १९५७ मध्ये ‘टेस्ट मॅच स्पेशल’ सुरू झाले ते समालोचक-मंडळाच्या स्वरूपातच. त्यातील सर्वांत नामवंत जॉन आर्लट यांच्या क्रिकेट समालोचनाला १९४६ मध्ये भारतीय संघाच्याच दौऱ्यापासून सुरुवात झाली होती. आर्लट यांच्या वाट्याला आलेले सहकारी तल्यारखान यांना नको होते, एवढाच दोघांत फरक होता असे मात्र म्हणता येणार नाही; आर्लट शब्दचित्रे रेखाटत, तर तल्यारखान मते मांडत.

स्तंभलेखन

मायक्रोफोन सुटल्यावर तल्यारखान यांनी लेखणीवर भर दिला आणि पुढील चार दशके ते मुंबईच्या इंग्रजी पत्रसृष्टीतील एक ठळक क्रीडालेखक राहिले. रुसी करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकातून व नंतर ‘मिड-डे’ या सायंदैनिकातून त्यांनी लेखन केले. ‘टेक इट फ्रॉम मी’ हे त्यांच्या स्तंभाचे नाव होते. ‘स्टीव्ह’ नावाच्या कोणा काल्पनिक माणसाला आपले म्हणणे कळले की नाही, अशी विचारणा करून ते लेख संपवीत. ही लकब इतकी परिचित झाली की मुंबईच्या क्लबांत व कचेऱ्यांत लोक तिची नक्कल करीत.

त्यांच्या स्तंभांत आणि समालोचनात फारसा फरक नव्हता. दोन्हींत एकच माणूस, समोर कोणीतरी बसले आहे असे धरून, न थांबता बोलत असे. क्रिकेट नियामक मंडळाचा कारभार, निवड समितीचे निर्णय आणि खेळाडूंना मिळणारी वागणूक यांवर त्यांनी सातत्याने टीका केली. समालोचनात जी मतप्रदर्शनाची सवय दोष मानली गेली, तीच स्तंभलेखकाच्या बाबतीत गुण ठरली.

पुणे आणि मराठी समालोचन

तल्यारखान यांचे क्षेत्र मुंबई हे होते, आणि त्यांच्या काळातील नभोवाणीचे लक्षही मुंबईवरच केंद्रित होते. याच वर्षांत पुण्यात मोठे क्रिकेट घडत होते. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. विजय हजारे यांनी १९३९-४० मध्ये पुण्यातच बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद असताना प्रतिपक्षाने सामना सोडून दिला. डॉन ब्रॅडमन यांच्या ४५२ धावांच्या विक्रमापासून ते नऊ धावा दूर होते. मार्च १९४९ मध्ये पुण्यातील मुंबई विरुद्ध महाराष्ट्र हा रणजी उपांत्य सामना सात दिवस चालला व त्यात एकूण २,३७६ धावा झाल्या. या खेळी आज आठवतात त्या आकड्यांमुळे. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांच्या आठवणींत जसा एक आवाज मिसळलेला असतो, तसा तो यांच्या आठवणींत नाही.

आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. पुढे मराठीतून क्रिकेट समालोचन होऊ लागले, त्यात पुण्याचे बाळ ज. पंडित हे अग्रभागी होते. महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेले पंडित स्वतः लेखकही होते. फलंदाज, षटक, यष्टिरक्षक, पायचीत यांसारखे शब्द कानांवर पडून रोजच्या बोलण्यात रुळले, त्यात अशा समालोचनाचा मोठा वाटा आहे. तल्यारखान यांच्या समालोचनातला स्वर ज्यांच्यापर्यंत पोहोचे पण शब्द पोहोचत नसत, त्या श्रोत्यांना आता शब्दही मिळाले. मंडळपद्धती तोवर सर्वमान्य झाली होती आणि मराठी समालोचकांनी ती प्रारंभापासूनच स्वीकारली.

तल्यारखान यांचे १९९० मध्ये निधन झाले. तोपर्यंत क्रिकेटचे थेट प्रक्षेपण दूरदर्शनवर नेहमीचे झाले होते. सामना पडद्यावर पाहत असतानाही आवाज बंद करून शेजारी रेडिओ लावून ठेवणारे प्रेक्षक त्या काळी अनेक घरांत होते.